आवळणाऱ्यांची फुली

नागपुरात एप्रिल लागला की गच्चीवरचे आणि खिडक्यांतले कूलर उघडले जातात. वाळ्याच्या नाहीतर वुडवूलच्या जुन्या ताट्या निघतात, टाकीच्या तळाशी बसलेला क्षारांचा थर खरवडला जातो आणि मग पाळी येते पंपाची आणि मोटरच्या पट्टीची. तिथले फुलीच्या खाचेचे स्क्रू गेल्या उन्हाळ्यातले पाणी आणि नंतरचा पावसाळा पिऊन जागच्या जागी गंजलेले असतात. पेचकस लावून जोर दिला की तो खाचेतून वर उचलला जातो. पुन्हा दिला की फुलीचे कोपरे गोल होतात, आणि आणखी एकदा दिला की फुली नाहीशी होऊन नुसता खळगा उरतो. अशा वेळी दोष कोणाचा, याची उत्तरे ठरलेली आहेत : पेचकस भंगार होता, मिस्त्री धसमुसळा होता, नाहीतर गंजच फार होता. तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. पण खरा निकाल फार आधी, १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत लागलेला होता. फुलीचा स्क्रू घडवला गेला तो स्क्रू आवळणाऱ्या माणसासाठी. तो पुढे कधीतरी कोणीतरी उघडणार आहे, हा विचार त्याच्या घडणीत जवळजवळ नव्हताच. आवळणारा आणि उघडणारा हे दोघे एकमेकांना कधीही न भेटणारे लोक असतात, आणि या स्क्रूचा इतिहास त्या दोघांपैकी पहिल्याच्या बाजूने लिहिला गेला आहे.

हे पटण्यासाठी आधीच्या सपाट खाचेकडे पाहावे लागते. स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ चीर पाडणे हे करवतीच्या एका फेरीचे काम. म्हणून ती खाच टिकली. १८५४ साली बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी टोकदार लाकडी स्क्रू यंत्रावर बनवण्याचे अमेरिकन पेटंट विकत घेतले, त्यासाठी भांडवल त्यांच्या नातलग चेंबरलेन घराण्याने घातले, आणि त्या धंद्यावर नजर ठेवायला पाठवलेला अठरा वर्षांचा जोसेफ चेंबरलेन पुढे ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला. याच कारखान्याच्या वंशातली गेस्ट कीन विल्यम्स ही कंपनी नंतर हावड्यात स्क्रू बनवू लागली आणि भारतातल्या सुतारांच्या दोन-तीन पिढ्यांनी तिचेच स्क्रू वापरले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा विलायतेहून आलेल्या यंत्रांवर अर्थातच सपाट खाचेचेच स्क्रू होते. भारतात रिंग चात्या सगळ्यांत आधी वापरून पाहणाऱ्या गिरण्यांपैकी ही एक, म्हणजे नवे यंत्र घ्यायला मागेपुढे पाहणारी नव्हे. पण फुलीचा स्क्रू बाजारात यायलाच अजून साठ वर्षे होती. सपाट खाचेचे दुर्गुण उघड आहेत. पेचकस तिच्यात आपोआप मध्यावर बसत नाही, बाजूला सरकतो, लाकडावर ओरखडा उठवतो आणि कधी हातात घुसतो. गुण मात्र सहसा कोणी मोजत नाही. तिला पेचकस नसला तरी चालतो. घासून धार काढलेली कोणतीही लोखंडी पट्टी चालते. आणि ती खराब झाली तर हॅक्सॉच्या पात्याने त्याच जागी पुन्हा पाडता येते. गिरणीतल्या फिटरला हा गुण मोलाचा होता, कारण सोमवारी जो स्क्रू त्याने आवळला तोच शनिवारी त्यालाच उघडायचा असे. ज्याने आवळायचे त्यानेच उघडायचे, अशा जगातली ती खाच होती.

हे जग मोडले ते मोटारीच्या कारखान्यांत. तिथे एक माणूस दिवसभर स्क्रू आवळतो, आणि तो स्क्रू पुढे कोणाच्या हाती लागेल याच्याशी त्याचा संबंध नसतो. या गरजेला पहिले चांगले उत्तर कॅनडातून आले, आणि ते फुली नव्हते. पीटर लिम्बर्नर रॉबर्टसन हा फिरता विक्रेता होता. पेचकस निसटून त्याचा हात कापला आणि त्यातून त्याला चौकोनी खाचेची कल्पना सुचली, असे सांगतात. १९०८ मध्ये त्याने ओंटारिओतल्या मिल्टन गावी कारखाना घातला आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळवले. चौकोनी खाच तळाकडे किंचित निमुळती असते, पेचकसाच्या टोकावर स्क्रू हात न लावता टिकून राहतो, आणि जोर दिला तरी टोक बाहेर ढकलले जात नाही. फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्यात मॉडेल टी गाडीला हे स्क्रू लागत आणि त्यामुळे दर गाडीमागे २ डॉलर ६० सेंट वाचत, असा हिशेब नोंदलेला आहे. पण फोर्डला स्क्रूच्या पुरवठ्यावर आपला ताबा हवा होता आणि रॉबर्टसन तो द्यायला तयार नव्हता. आधी इंग्लंडमध्ये परवाना देऊन त्याने हात पोळून घेतलेले होते, त्यामुळे त्याचा हट्ट समजण्यासारखा आहे. परिणाम असा की अधिक चांगला स्क्रू कॅनडापुरता राहिला. ज्यांना वाटते की बाजारात जे टिकते ते गुणावर टिकते, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. इथे निकाल लागला तो करारनाम्यावर.

फुलीची कल्पना काही हेन्री फिलिप्सची नव्हे. फ्रीअर्सन नावाच्या एका इंग्रजाने एकोणिसाव्या शतकातच फुलीची खाच काढली होती, आणि अमेरिकेत पोर्टलंडच्या जॉन थॉम्पसनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या फुलीचे पेटंट घेतले. थॉम्पसनला ती कोणाला विकता येईना. कारखानदारांचे म्हणणे असे की इतकी खोल खाच डोक्यात ठोकली तर डोकेच फुटेल. पोर्टलंडमधलाच हेन्री फिलिप्स हा उद्योगी गृहस्थ. त्याने थॉम्पसनकडून हक्क घेतले, खाचेचा आकार बदलला आणि १९३६ मध्ये त्याला स्वतःची पेटंटे मिळाली. त्याचे खरे कर्तृत्व फुलीत नाही, फुली ठोकता येण्यात आहे. थंड तारेच्या तुकड्याचे डोके साच्यात ठोकतानाच खाचही उमटली पाहिजे आणि ठोकणारा पंच अडकून न पडता सुटून वर आला पाहिजे, तरच स्क्रू स्वस्तात निघतो. पंच सुटायचा तर खाचेच्या भिंती उतरत्या हव्यात. त्या उताराने दोन कामे साधली : पंच सहज बाहेर आला आणि यांत्रिक पेचकसाचे टोक आपोआप मध्यावर जाऊन बसू लागले. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या अमेरिकन स्क्रू कंपनीचा अध्यक्ष युजीन क्लार्क याने आपल्या अभियंत्यांचा विरोध बाजूला सारून हा स्क्रू बनवायला घेतला. जनरल मोटर्सने तो १९३६ च्या कॅडिलॅकमध्ये वापरला आणि दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत अमेरिकेतले जवळजवळ सगळे मोटार कारखाने त्याच्याकडे वळले. युद्धात विमाने आणि रणगाडे जोडायला तो लागला. फिलिप्सने रॉबर्टसनच्या उलट केले : परवाना मागेल त्या कारखान्याला दिला. स्वतः एकही स्क्रू न बनवता तो श्रीमंत झाला.

पण ज्या उताराने पंच सुटतो त्याच उताराने पेचकसही सुटतो. भिंत तिरकी असली की फिरवण्याच्या जोराचा काही भाग टोकाला वर ढकलण्यात जातो. हाताने खाली दाबून धरले तरच ते जागेवर राहते. याविषयी एक समज फार पसरला आहे की हे निसटणे मुद्दाम योजलेले होते, स्क्रू जास्त आवळला जाऊन त्याचे डोके तुटू नये म्हणून. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा सोयीच्या कथा पुष्कळ असतात. दोष जुना झाला की त्याला हेतू चिकटतो. कागदपत्र वेगळेच सांगतात. १९३४ मध्ये दाखल झालेल्या मूळ अर्जाची उद्दिष्टे होती ती एका ठोक्यात तयार होणारी खाच आणि त्या खाचेत पेचकसाची घट्ट पकड, टोक बाहेर ढकलले न जाता. म्हणजे जे घडते त्याच्या नेमके उलट वचन तिथे आहे. निसटण्याचा उल्लेख फायदा म्हणून येतो तो पुढे, अमेरिकन स्क्रू कंपनीच्या १९४९ साली मंजूर झालेल्या पेटंटात. तोवर कारखान्यांतून यांत्रिक पेचकस सर्रास झाले होते आणि ठराविक जोरावर टोक सुटून येणे सोयीचे ठरत होते.

यावर कोणी म्हणेल की हेतू आधी होता की नंतर चिकटवला याने काय फरक पडतो. उपयोग तर खराच होता ना? उपयोग खरा होता, हे मान्य. पण तो कोणाला होता ते पाहावे. टोक किती जोरावर सुटावे याची कसोटी आवळतानाची आहे. नवा, तेलकट, स्वच्छ आट्यांचा स्क्रू आवळायला जितका जोर लागतो, त्याहून थोडा अधिक जोर खाचेने सोसला की कारखान्याचे काम झाले. तोच स्क्रू दहा वर्षे उन्हापावसात राहिला, आट्यांत गंज भरला, तर तो सैल करायला लागणारा जोर आवळतानाच्या जोराहून कितीतरी जास्त असतो. आणि खाचेचा उतार दोन्ही दिशांना सारखाच आहे. आवळताना जी मर्यादा स्क्रूला वाचवते, तीच उघडताना त्याला मारते. उतार फक्त आवळण्याच्या दिशेने ठेवून दुसऱ्या दिशेला भिंत उभी करणे अशक्य नव्हते. पुढे तशा खाचा निघाल्याही. १९३० च्या दशकात त्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण परवाना विकत घेणाऱ्यांत गॅरेजवाले नव्हते.

भारतात फुलीचा स्क्रू आधीपासून थोडाफार येत होता, रेडिओतून, विदेशी यंत्रांतून. पण रस्त्यावरच्या मेकॅनिकच्या हाती तो ढिगाने पडला १९८० च्या दशकात, आणि तो अमेरिकेतून नव्हे, जपानमधून. तोवर दुचाकी म्हणजे मुख्यतः आकुर्डीची बजाज स्कूटर होती. तिच्यावर षट्कोनी नट-बोल्ट आणि सपाट खाचेचे स्क्रू. मग सरकारने १०० सीसीच्या गाड्यांसाठी परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० आल्या. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी कावासाकी बजाज केबी १०० बाजारात आली. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडाही याच काळातली. या गाड्यांच्या इंजिनाची झाकणे ॲल्युमिनियमची, आणि त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे ती बहुधा फुलीच्या पोलादी स्क्रूंनी कारखान्यातल्या यंत्राने करकचून आवळलेली. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात शेजारी राहिले की आट्यांत गंज धरतो तो वेगळाच. क्लच प्लेट बदलायची तर ही झाकणे उघडावीच लागत. फुली जपानमध्ये कशी पोहोचली याविषयी तिथे एक हकीकत सांगतात, की १९५० च्या दशकात परदेशी कारखाने पाहायला गेलेल्या सोइचिरो होंडांनी असा एक स्क्रू खिशात घालून आणला. हकीकत खरी असो वा रचलेली, तिच्यात एक गोष्ट बरोबर आहे : फुली तिथे गेली ती कारखान्याच्या जमिनीवरून, दुरुस्तीच्या टेबलावरून नाही.

जपानने मात्र त्या फुलीचे स्वतःचे प्रमाण बसवले. स्क्रूच्या खाचेसाठी जेआयएस बी १०१२ आणि पेचकसासाठी जेआयएस बी ४६३३ अशी ती प्रमाणे आहेत. जपानी खाचेचे कोपरे अधिक काटकोनी असतात. फिलिप्सच्या टोकाला पाकळ्यांच्या बेचक्यात जी गोलाई असते ती तिथे अडते, टोक तळापर्यंत उतरत नाही आणि चार पाकळ्यांपैकी फक्त वरच्या कडा धातूला टेकतात. उघड्या डोळ्यांना दोन्ही फुल्या एकच दिसतात. स्क्रूच्या डोक्यावर कधी एक बारीक ठिपका असतो, तीच काय ती खूण, आणि ती खूण काय सांगते हे आपल्याकडे कोणी कोणाला सांगितले नाही. गाडी जपानी तंत्राने आली, मॅन्युअल आले, सुटे भाग आले. त्या खाचेत बसणारा पेचकस नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत काही आला नाही. तिथे पेचकस मागितला जातो तो लांबीवर, सहा इंची की आठ इंची, आणि टोकाचा क्रमांक विचारणारे गिऱ्हाईक विरळा. नाशिकच्या सातपूरला स्वीडनच्या बाहको कंपनीच्या सहकार्याने उभा राहिलेला तापडियांचा हत्यारांचा कारखाना १९६० च्या दशकापासूनचा. म्हणजे महाराष्ट्रात चांगले पोलाद घासून चांगले टोक काढणारे नव्हते असे नाही. पण ते टोक युरोपीय मापाचे, आणि गाडीवरची खाच टोकियोच्या मापाची. मग मेकॅनिकने जे केले ते सगळ्यांना माहीत आहे. त्याने छिन्नी स्क्रूच्या कडेला तिरकी लावली आणि हातोडीच्या ठोक्यांनी तो फिरवला. हा अडाणीपणा वाटतो. खरे तर तो खाचेशिवाय स्क्रू फिरवण्याचा शहाणपणाचा मार्ग होता. ज्याच्याकडे इम्पॅक्ट ड्रायव्हर असे तो हातोडी त्याच्या बुडावर मारी. एकाच ठोक्यात टोक खाली दाबले जाते आणि फिरतेही. म्हणजे उताराने जो जोर वर ढकलून वाया घालवला तो हातोडीने परत वसूल करायचा.

युरोपातही गोंधळ होताच. फिलिप्सची खोड काढण्यासाठी १९६० च्या दशकात इंग्लंडच्या गेस्ट कीन नेटलफोल्ड्सने, म्हणजे त्या जुन्या बर्मिंगहॅमच्याच घराण्याने, पोझिड्राइव्ह बाजारात आणला. त्याच्या पाकळ्यांच्या बाजू समांतर, त्यामुळे टोक कमी निसटते, आणि ओळखण्यासाठी फुलीच्या भुजांच्या मधल्या जागांत चार बारीक रेषा. आज नागपुरात मॉड्युलर किचनच्या ज्या जर्मन बिजागऱ्या बसतात त्यांच्यासोबत बहुधा हेच स्क्रू येतात, आणि सुताराच्या ड्रिलला लावलेले बिट असते फिलिप्सचे. नवा स्क्रू नव्या प्लायवूडमध्ये जाताना काही कळत नाही. दार खाली उतरले आणि बिजागरी सैल करायची वेळ आली की कळते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप किमतीचा आहे. एका ठोक्यात निघणारा स्वस्त स्क्रू नसता तर कूलर, रेडिओ, मोटारसायकल इतक्या लोकांच्या घरात पोहोचलीच नसती. उघडताना चारदोन स्क्रूंची डोकी गेली तर तो या स्वस्ताईचा रास्त मोबदला. यातला पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. दुसरा नाही, कारण मोबदला भरणारा आणि स्वस्ताईचा लाभ घेणारा हे दोघे वेगळे आहेत. कारखान्याची जी काही सेकंदे वाचली ती त्याच्या हिशेबात दिसतात. मेकॅनिकचा छिन्नी-हातोडीत गेलेला अर्धा तास कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. गिऱ्हाईक एका स्क्रूसाठी जादा पैसे देत नाही आणि वर झाकणावर व्रण पडला म्हणून कुरकुरते. हा तर्क नुसता नैतिक वाटू नये म्हणून एक पुरावा पाहू. जिथे उघडण्याचा खर्च बनवणाऱ्याच्या किंवा बड्या गिऱ्हाइकाच्याच अंगावर येतो, तिथे फुली टिकत नाही. कंपन्यांनी मोफत सर्व्हिसिंगची कुपने द्यायला आणि आपापल्या अधिकृत कार्यशाळा वाढवायला सुरुवात केल्यावर भारतीय मोटारसायकलींच्या इंजिनावरून फुलीचे स्क्रू ओसरत गेले आणि त्यांच्या जागी षट्कोनी डोक्याचे बोल्ट आले, जे साध्या आठ नंबरच्या पान्याने निघतात. याला इतर कारणे असतील. पण बदलाची दिशा बोलकी आहे.

दुसरा पुरावा नागपूरच्याच वेशीवर आहे. मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोईंग ७८७ च्या तळाच्या कंपोझिट तुळया बनतात आणि शेजारीच विमानांच्या देखभालीचा मोठा तळ आहे. विमानाची पटले तपासणीसाठी पुन्हा पुन्हा उघडावी लागतात, आणि एक डोके झिजले तर विमान जमिनीवर अडकते. या व्यवसायासाठी वेगळी खाच फिलिप्स स्क्रू कंपनीनेच पुरवली. टॉर्क-सेट या तिच्या खाचेत फुलीच्या चार भुजा एकमेकींसमोर न येता जरा सरकवलेल्या असतात, त्यामुळे जोर घेणाऱ्या भिंती उभ्या राहतात आणि दोन्ही दिशांना टोक निसटत नाही. म्हणजे तंत्र अवघड होते म्हणून फुली तशी राहिली, हे म्हणायला जागा उरत नाही. ज्या नावाने निसटणारी फुली जगभर गेली, त्याच नावाच्या कंपनीने न निसटणारी फुलीही बनवली. फक्त ती उघडणाऱ्याच्या हातात पैसा होता तिथे गेली.

असे असूनही फिलिप्सची मूळ फुली काही ठिकाणी अगदी योग्य जागी आहे, हे सांगितले पाहिजे. वर्धा रोडवरच्या नव्या इमारतींत जिप्सम बोर्डाची खोटी छते बसवतात तिथे काळे, बारीक, तुतारीच्या तोंडासारख्या डोक्याचे स्क्रू ड्रिलने भराभर मारले जातात. डोके कागदाच्या किंचित आत गेले की थांबायचे, त्याहून खोल गेले तर कागद फाटतो. म्हणून बिटाला एक कडे असते, ते बोर्डाला टेकते आणि टोक खाचेतून सुटून येते. १९४९ च्या पेटंटात जे फायदा म्हणून सांगितले होते ते इथे शब्दशः खरे ठरते. वर पुट्टी बसते, रंग बसतो आणि ते स्क्रू पुन्हा कोणी उघडायचे नसतात. पुढे वरच्या मजल्यावरून गळती झालीच, तर कारागीर पट्टीने रेघ मारतो, भिजलेला तुकडा पात्याने कापून काढतो आणि स्क्रू सांगाड्याच्या पत्र्यात तसेच राहू देतो.